साडेदहाची थरथर

गुरुवारी पावणेअकराच्या सुमारास पंचाक्षरीच्या लक्षात आलं की तीन दिवस झाले, आपलं टेबल हललेलं नाही. टेबल प्लायवूडचं, एक पाय आखूड, त्याखाली जुन्या प्रश्नपत्रिकेची घडी. त्यावर त्याचा मोबाइल पडलेला असायचा आणि रोज सकाळी साडेदहाला तो थरथरायचा. त्याबरोबर टेबल थरथरायचं, पेन इंचभर सरकायचं, चहावरची साय सुरकुतायची आणि पंचाक्षरीचे तळपाय त्याला न विचारता दरवाजाकडे वळायचे. एक श्वासभर. मग कळायचं की मेसेज आहे: आजचे गैरहजर एकेचाळीस, पालकांना कळवले. मेसेज त्याच्याच प्रोग्रामने त्यालाच पाठवलेला. पाच वर्षांपूर्वी चाचणीसाठी रोजचा आकडा पाठवायला त्याने स्वतःचा नंबर घातला होता आणि तो काढायचा राहिला होता. पाच वर्षांत तळपायांना हे समजलं नव्हतं. फोनची थरथर बंद करता येते हे काही अभियंत्याला माहीत नव्हतं असं नाही. पण बंद करायची तर कशापायी, असं स्वतःला विचारावं लागलं असतं. त्यापेक्षा रोजचा एक श्वास गेलेला परवडत होता. सोमवारी साडेदहा वाजले, काही झालं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. त्याला हलकं वाटत होतं, जेवण जात होतं. नांदेडच्या शाखेत संगणक सांभाळणाऱ्या अफसानाला तर त्याने फोनवर सांगितलंही होतं की रविवारी सगळं नीट लावून टाकल्यापासून डोकं शांत आहे. ती म्हणाली होती, तुमचं डोकं शांत म्हणजे मला भीती वाटून राहिली, सर. आता आज, गुरुवारी, साडेदहा होऊन पंधरा मिनिटं गेल्यावर, त्याने त्या शांततेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. लातूर आणि नांदेड मिळून क्लासची साडेचार हजार पोरं. तीन दिवसांत त्यांतलं एकही गैरहजर नाही, असं घडणं नाही. पोरं गैरहजर होतीच. मेसेजही गैरहजर होता.

रविवारी त्याने जे नीट लावलं होतं ते घर नव्हतं की कपाट नव्हतं. हणमंतराव सरांच्या कोचिंग क्लासचा सगळा कारभार ज्या जावा प्रोग्रामवर चाले, त्याच्या चौदाशे फायली होत्या. जावात फाइल ज्या फोल्डरमध्ये राहते त्याचा रस्ता हाच तिचा पत्ता, आणि तो पत्ता फाइलच्या पहिल्या ओळीत तिलाच लिहून ठेवावा लागतो. माणसाने आपला घर नंबर कपाळावर गोंदवून हिंडावं, आणि नंबर जुळला नाही तर त्याला घरात घेऊ नये, असा तो कायदा. पाच वर्षांपूर्वी पंचाक्षरीने या वस्तीला गल्ल्या पाडल्या होत्या: प्रवेशाची गल्ली, हजेरीची, निकालाची, वसतिगृहाची. प्रत्येक गल्लीत दाराशी बसून विचारपूस करणारी एक फाइल, आत राबणारी एक आणि खाली डेटाबेसमध्ये उतरून माहिती उपसणारी एक. सगळ्या जातीच्या फायली दाराला दार लावून. सगळ्याच्या वर मात्र त्याने एकच मोठं फोल्डर केलं होतं, त्याचं नाव लातूर. कारण क्लास लातूर सोडून कुठं जाईल हे तेव्हा सरांच्याही स्वप्नात नव्हतं. मग नांदेडची शाखा निघाली आणि नांदेड लातूरच्या पोटात गेलं. महसूल आयुक्तालय कुणाकडं यावरून दोन्ही शहरं मोर्चे काढत होती त्याच दिवसांत हा प्रश्न त्याने एका क्लिकमध्ये सोडवला होता, पण अफसानाने ते कुणाला सांगू दिलं नाही. पुढं पुण्याहून एक सल्लागार आला. वीस मिनिटं स्क्रीनकडं बघून म्हणाला, हे सगळं सरमिसळ आहे. एका प्रकारच्या फायली एका जागी पाहिजेत. दारातल्या सगळ्या एकीकडे, राबणाऱ्या एकीकडे, उपसणाऱ्या एकीकडे. सरांना ते फार आवडलं. वर्गवारी केली की निकाल लागतो, यावरच त्यांचा क्लास उभा होता: हुशारांची तुकडी, बऱ्यांची तुकडी, आणि मागच्या साली राहिलेल्या रिपीटरांची तुकडी, तिला पंखे कमी.

माऊसने एकेक फाइल उचलून नव्या रांगेत ठेवताना पंचाक्षरीला माहीत होतं की हे आपण आधी पाहिलेलं आहे. अठरा वर्षांपूर्वी, तेरणेकाठचं त्यांचं गाव भूकंपात पडल्यावर, सरकारने दोन कोसांवर नवं गाव आखलं. जुन्या गावात गल्ली म्हणजे नात्यांचा गुंता होता. नव्या गावात प्रकार केले. जमीन नसलेल्याला अडीचशे फुटांचं घर, थोडी असलेल्याला चारशे, जास्त असलेल्याला साडेसातशे. एका आकाराची घरं एका रांगेत. रस्ते एवढे रुंद की समोरच्याला हाक मारायची तर कारण लागे. अप्पा, म्हणजे त्याचे वडील, पहिलं वर्षभर रोज सकाळी तांब्या घेऊन घराबाहेर पडत, परतताना चुकत आणि कुणाच्या तरी तशाच ओसरीवर जाऊन बसत. घरं सारखीच, तर बसायला काय हरकत. जुन्या गावात डाव्या हाताला गौरम्मा राहायची, तिचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. नव्या गावात ती सी रांगेत बावीस नंबरला गेली आणि मेल्याचं यांना चौथ्या दिवशी कळलं. आराखडा मात्र उत्तम होता. परदेशातून माणसं येऊन फोटो काढून गेली. पंचाक्षरीच्या नव्या फोल्डरांचाही सल्लागाराने फोटो काढला असता, जर तो रविवारी असता.

आणि साडेदहाचं काय झालं, ते शोधायला त्याला चार मिनिटं लागली. एवढीच चार मिनिटं सोमवारी लागली असती. रोज ठरल्या वेळी कोणती फाइल उठवायची याची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत होती: वेळ, आणि पुढं पत्ता. फायली हलवताना संगणकाने त्याला रीतसर विचारलं होतं, मजकुराच्या फायलींतले पत्तेही बदलू का? त्याने समोरच्या चौकटीतली खूण काढून टाकली होती, आणि काढण्याला कारण होतं. त्याच फाइलीत पालकांना जाणारी मराठी वाक्यं होती. दोन वर्षांपूर्वी याच खुणेवर विसंबून त्याने फायली हलवल्या, तेव्हा संगणकाने ती फाइल आपल्या पद्धतीने जतन केली आणि मराठीची नुसती प्रश्नचिन्हं झाली. उदगीरपासून धर्माबादपर्यंत चाळीसेक पालकांच्या फोनवर सकाळी साडेदहाला प्रश्नचिन्हांची रांग गेली. मुरुडचा एक पालक दुपारी क्लासमध्ये येऊन बसला. म्हणाला, तुम्ही एवढं विचारून राहिलात, पण काय विचारलं ते कळंना. तेव्हापासून मराठी असलेल्या फायलीला यंत्राचा हात लावू द्यायचा नाही, तिथं आपण हातानं करायचं, अशी त्याची शिस्त होती. रविवारी हातानं करायचं राहिलं. हजेरीची फाइल नव्या रांगेत गेली, यादीत तिचा जुना पत्ता तसाच. रोज साडेदहाला प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जाई, तिथं कोणी नाही असं पाही आणि परत येई. खरं तर तेव्हा त्याने ओरडायला हवं. पण अशी चूक सापडली तर काय करायचं, ती जागा पाच वर्षांपूर्वी पंचाक्षरीने घाईत लिहिली होती. चूक पकडायची, आणि पुढं दोन महिरपी कंस, आत काही नाही. त्या रिकाम्या कंसांकडं तो बघत राहिला. त्यांच्यावर त्याच्याच हातची टीप होती: इथे नंतर बघू.

त्याने तीन दिवसांची यादी काढली. न कळवलेले एकशे सतरा. बहुतेक एकेका दिवसाचे: ताप, लग्न, कंटाळा. तिन्ही दिवस सलग असं नाव एकच होतं. मनतशा शेख अजीज, रिपीटर तुकडी, नांदेड, गाव धर्माबाद, राहणं भाग्यनगरात कमलम्माकडं भाड्याच्या खोलीत. आजही कार्ड टेकवलेलं नव्हतं. म्हणजे चौथा दिवस. त्याने अफसानाला फोन लावला. ती म्हणाली की पोरगी तिला माहीत आहे, शेवटच्या बाकावर बसते, चाचणीत खाली खाली जाऊन राहिली होती. दहा मिनिटांनी तिचाच परत फोन आला. कमलम्मा म्हणते, पोरगी रोज सकाळी सातला दप्तर घेऊन निघते, सहाला येते, जेवते, झोपते. आजही सातला गेली. मग चार दिवस सात ते सहा ती कुठं असते, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. नांदेडला नदी आहे, तिला घाट आहेत, पूल आहेत. अफसाना एवढंच म्हणाली, "मी आधी स्टँडवर बघते, सर. मग... मग बघते."

हणमंतराव सर दोन तासिकांच्या मध्ये होते, बोटांना खडू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तरंगांचा धडा तीस वर्षं शिकवल्याने त्यांना कशाचाच धक्का बसत नसे. म्हणाले, पत्ता दुरुस्त कर, आजचे मेसेज पाठव. मागचे तीन दिवस गेलेच. एकदम एकशे सतरा मेसेज गेले तर उद्या पेपरात येईल. पंचाक्षरी म्हणाला, त्या एका मुलीच्या घरी फोन करतो. सरांनी खडू झटकला. "फोन करायला लागलो तर यंत्रणा कशाला केली? पोरं जातात-येतात. तू ही चूक आपल्या दोघांत ठेव, मी तुला काही बोलणार नाही." ते खरंच बोलले नसते. भूकंपग्रस्त म्हणून त्यांनी पंचाक्षरीला बारावीला फुकट शिकवलं होतं, नोकरी दिली होती, आणि त्याबदल्यात माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर त्याचा फोटो होता, खाली लिहिलेलं: ढिगाऱ्यातून अभियंता. दर वर्षी पत्रक नवं निघे, फोटो तोच. उपकार गप्प राहून फेडायची पंचाक्षरीला सवय होती. फार जुनी.

तो जिन्यात जाऊन उभा राहिला आणि धर्माबादचा नंबर लावला. पलीकडं मिरचीची आडत असावी. आधी खोकला आला, मग आवाज. त्याने क्लासचं नाव सांगितलं तसं अजीजभाई खूश झाले. बोला साहेब, म्हणाले, मागच्या मीटिंगला तुम्हीच बोलला होता न्हाई का, चश्मेवाले. ते खरं होतं. नांदेडच्या सभेत पडद्यावर चित्र दाखवून त्यानेच साडेतीनशे पालकांना समजावलं होतं, मेसेज आला नाही म्हणजे समजायचं पाल्य हजर आहे. "मी घरी बी तेच सांगितलं," अजीजभाई म्हणत होते. "मेसेज न्हाई म्हंजे पोरगी वर्गात बसली हाय. रोज साडेदहा वाजले की मी फोन बघतो, न्हाई आला की अल्लाचं नाव घेतो आन् कामाला लागतो."

पंचाक्षरीच्या तोंडात शब्द तयार होते आणि ते बाहेर येत नव्हते, कारण हे वाक्य त्याने आधी ऐकलेलं होतं, दुसऱ्या आवाजात. भूकंपानंतरचं शाळेचं मैदान, मंडप, आणि कर्ण्यातून याद्या वाचणारा स्वयंसेवक. गावाचं नाव, मग मेलेल्यांची नावं. याद्याही प्रकाराप्रकारानं केलेल्या: मेलेले, जखमी, अनाथ. अकरा वर्षांच्या पंचाक्षरीला अनाथांच्या रांगेत बसवलं होतं, कारण अप्पा जखमींच्या यादीतून सोलापूरला गेले होते आणि एका यादीला दुसरी यादी ठाऊक नव्हती. आई मेलेल्यांत होती. शिवकन्या, त्याची धाकटी बहीण, सात वर्षांची, कोणत्याच यादीत नव्हती. आठव्या दिवशी अप्पा हात गळ्यात बांधून आले, सगळ्या याद्या पुन्हा वाचून घेतल्या आणि म्हणाले, "नाव न्हाई आलं म्हंजे हाय कुठंतरी." अठरा वर्षं ते तसंच म्हणत आले. मतदारयादी निघाली की जाऊन बघत, जनगणनेवाला आला की त्याला विचारत. फोन उचलला की 'हॅलो' नाही. पहिला प्रश्न, काई कळलं का? पंचाक्षरी म्हणायचा, काई न्हाई अप्पा. मग दोघं पावसापाण्याचं बोलायचे. आणि शिवकन्येचं नाव कोणत्याच यादीत का नव्हतं, ते जगात एकालाच माहीत होतं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जवानांनी तिला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा तो तिथं उभा होता. पिवळा परकर, एक पाय चपलेत. वही घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, बाळ, घरात कोण कोण होतं? त्याने स्वतःचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, अप्पांचं सांगितलं. मग तोंड मिटलं. सांगितलं असतं तर लिहिलं गेलं असतं. त्या माणसाला पुढची तीस घरं होती. त्याने पान उलटलं. शिवकन्येला इतर सगळ्यांबरोबर अग्नी दिला, बिननावाचा. इथे नंतर बघू.

"अजीजभाई," पंचाक्षरी म्हणाला, "मनतशा सोमवारपासून वर्गात नाही. मेसेज माझ्या चुकीने गेला नाही."

पलीकडं आडतीतला गोंगाट चालू राहिला. कुणीतरी पोत्यांचा आकडा ओरडत होतं. मग अजीजभाईंचा आवाज आला, पण तो याच्याशी बोलत नव्हता. ते कुणाला तरी सांगत होते, काटा थांबव. नंतर फार हळू म्हणाले, "सोमवारपासून? फोन तर चालूच होता साहेब. चार दिस मी बंद केलाच न्हाई." पंचाक्षरीने तेच पुन्हा सांगितलं, चूक माझी आहे, तुमच्या फोनची नाही. ते ऐकून घेत होते की नाही कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं, तुम्हाला कधी कळलं? आत्ता, तो म्हणाला. मला बी आत्ताच, ते म्हणाले आणि फोन ठेवला. जणू एवढ्याबाबतीत तरी दोघं एका रांगेत होते.

तो परत येऊन टेबलाशी बसला. पत्ता दुरुस्त केला, एक ओळ. महिरपी कंसांत काय लिहावं ते सुचेना. बाराच्या सुमारास टेबल थरथरलं आणि तळपाय वळले, पण ते सरांचं होतं, आणि त्याने उचललं नाही. पुन्हा थरथरलं, पुन्हा सर. भिंतीपलीकडं हुशारांची तुकडी एका सुरात सूत्र म्हणत होती. पंचाक्षरीच्या डोळ्यांसमोर गोदावरीवरचा पूल येत होता आणि त्यावर पाठीला दप्तर लावलेली एक मुलगी, जिचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नव्हता. म्हणून त्या जागी सात वर्षांचा एक चेहरा येत होता आणि तो काही केल्या मोठा होत नव्हता. पावणेएकला थरथरलं. अफसाना. आवाजात रडणं होतं, पण ते संपल्यानंतरचं.

"सापडली, सर. स्टँडवरच हाय. धर्माबादची गाडी लागती त्या फलाटावर, दप्तर मांडीवर घेऊन. चार दिवस इथंच बसून राहिली. बापाला फोन लावून दिला, तर तो म्हणतो मेसेज आलाच नाही, पण ती मानून नाही राहिली. बाप म्हणतो, सरांनीच बोलावं तिच्याशी."

अफसानाकडून हळूहळू कळलं ते असं. मनतशाला पुन्हा बारावी नको होती, हे अब्बांना तोंडानं सांगायची तिची छाती नव्हती. पण गैरहजर राहिलं की मेसेज जातो, हे तिला ठाऊक होतं. मेसेज जाईल, अब्बा साडेदहाला बघतील, फोन करतील, काय झालं बेटा विचारतील. विचारलं की सांगू. म्हणून सोमवारी ती वर्गात गेली नाही. फोन हातात धरून फलाटावर बसली, गाडी समोर दिसत होती. साडेदहा झाले. अकरा झाले. अब्बांचा फोन आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आज तिने ठरवलं होतं की साडेदहापर्यंत शेवटचं बघायचं. त्याच्यापुढं काय ठरवलं होतं, ते तिने अफसानाला सांगितलं नाही आणि अफसानाने विचारलं नाही. साडेदहा उलटले तेव्हा तिने फोन बंद केला, पण तिला उठवेना, एवढंच. मग अफसानाने आपला फोन तिच्या हातात दिला.

"हॅलो," पंचाक्षरी म्हणाला.

"तुम्ही कॉम्प्युटरवाले सर का?" आवाज बारीक, पण कोरडा. "अब्बा म्हणतात मेसेज आलाच नाही. खरं हाय?"

"खरं आहे. मी फायलींच्या जागा बदलल्या. चूक माझी."

"मग माझं नाव कुठं गेलं होतं, सर?"

नाव कुठंच गेलं नव्हतं. रोज सकाळी ते यादीत होतं, तुकडी आणि गावासकट. यादी वाचायला कुणी उठलं नव्हतं. हे त्याने तिला सांगितलं, जसंच्या तसं, आणि सांगताना त्याला स्वतःचा आवाज कर्ण्यातून आल्यासारखा ऐकू आला. पलीकडं गाड्यांचे हॉर्न येत होते, कंडक्टर उमरी-धर्माबाद ओरडत होता. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, अब्बा येऊन राहिलेत, ठेवते.

सरांचा चौथा की पाचवा फोन येत होता. तो थांबेपर्यंत पंचाक्षरीने टेबलावर दोन्ही तळवे टेकवून धरले, थरथर मनगटापर्यंत चढू दिली. तळपाय दरवाजाकडे वळले, त्याने वळू दिले. मग त्याने फोन उचलला, सरांना नाही, गावाकडं लावला. दुपारी अप्पा ओसरीवर असतात, स्वतःच्या. चार घंट्या झाल्या.

"काई कळलं का?" अप्पा म्हणाले.

"हाव, अप्पा," तो म्हणाला.